मागून बसणारीचं घड्याळ

मैत्रिणींनो, रात्री आपल्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? उत्तर शोधायला लांब जायला नको. "सगळ्यांचं झालं की बसते मी," हे वाक्य आपल्या कन्नडमध्ये गावात जितकं ऐकू येतं, तितकंच शेतवस्तीवरही. मुलांना साडेसातला वाढायचं, सासू-सासऱ्यांना आठला, हे येतील तेव्हा यांना. मग ओटा पुसायचा, विरजण लावायचं, आणि साडेदहाला आपलं ताट. तोवर भाजी संपलेली असते. मग चटणीशी दीड भाकरी, आणि अकराला अंथरुणाला पाठ! यात माया आहे, सोशिकपणा आहे. पण शरीराच्या हिशेबात हा व्यवहार तोट्याचा आहे. तो कसा, ते पाहू या.

आपल्या शरीरात एक नव्हे, अनेक घड्याळं चालतात. मुख्य घड्याळ मेंदूत. ते उजेड-अंधारावर लागतं. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली घड्याळं असतात आणि ती बरीचशी जेवणाच्या वेळेवर लागतात. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं, याचा उलगडा जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी केला. त्याबद्दल २०१७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आणि त्यांनी अभ्यासली कोण? पिकल्या केळ्यांवर घोंघावतात ना, ती चिलटं!

आता साडेदहाच्या ताटाकडे वळू. मेंदू म्हणतो 'निजा', पोट म्हणतं 'कामाला लागा'. झोपेची वेळ झाली की इन्शुलिनचं काम मंदावतं. म्हणून तीच भाकरी, तीच येसराची आमटी सकाळच्या मानाने रात्री रक्तातली साखर जास्त वाढवते. वर लगेच आडवं झालं की छातीत जळजळ, आंबट ढेकर. सकाळी भूक नाही, म्हणून नुसता चहा. आणि दुपारी दोनला भुकेचा आगडोंब. चक्र पुन्हा सुरू.

मूळचे ओडिशाचे शास्त्रज्ञ सच्चिदानंद पांडा यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने २०१२ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन गटांना सारखंच चरबीयुक्त खाणं दिलं. एका गटाला दिवसरात्र केव्हाही, दुसऱ्याला फक्त आठ तास, तेही रात्री, कारण उंदीर रात्री जागतो. खाणं जवळजवळ तितकंच, पण आठ तासवाले लठ्ठ झाले नाहीत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. पण वेळेलाही किंमत असते, एवढं त्यातून दिसलं.

आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी "दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा" असं सांगितलं, तर ऋजुता दिवेकर थोडं थोडं, पण अनेकदा खा म्हणतात. किती वेळा खावं यावर घरोघरी वाद रंगले. रात्री किती वाजता, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. सूर्यास्तापूर्वी जेवणारी जैन कुटुंबं आपल्या शेजारीच आहेत. तितकं जमलं नाही, तरी एवढं करता येईल:

* जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या. दहाला निजायचं, तर साडेसातला ताट.

* मुलांबरोबर बसा. सासूबाईंनाच म्हणा, "आई, आज आपण बरोबरच बसू या का?" वयस्कांनाही लवकरचं जेवण बरं. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवा. तो जेवताना शेजारी बसून गप्पा मारा.

* वेळ रोज तीच ठेवा, रविवारीसुद्धा.

* रात्रीची लाईट असेल तेव्हा घरधनी पाणी द्यायला मळ्यात जातो. त्याचं पोटभर जेवण निघण्याआधीच होऊ द्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात, रात्री जागूनही फक्त दिवसा जेवलेल्यांची साखर वाढली नाही; रात्री जेवलेल्यांची वाढली. मध्यरात्री भूक लागलीच, तर मूठभर फुटाणे पुरे.

* सकाळची न्याहारी चुकवू नका. पहिल्याच तासाला बाकावर मान टाकणाऱ्या मुलाला मी विचारते, तेव्हा उत्तर बहुधा ठरलेलं: रात्री उशिरा जेवण, सकाळी चहा-बिस्कीट.

मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका.

पहिल्या आठवड्यात नुसतं अर्धा तास अलीकडे या, दुसऱ्यात आणखी अर्धा तास. कुणी "आधीच बसलीस?" म्हणालं, तर हसून "हो, या ना तुम्हीही," म्हणा. पंधरा दिवसांनी सकाळी उठल्यावर भूक लागते का, झोप शांत लागते का, ते पाहा. आणि काय फरक पडला, ते आम्हाला जरूर कळवा!