माउली म्हणवणाऱ्यांनी मूल सांभाळावे

सप्ताहातल्या कीर्तनात हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते : आजच्या आईला लेकराकडे बघायला वेळ नाही, तिने त्याच्या हाती मोबाइल दिला. मंडपात हशा पिकतो. आमचा या वाक्याला विरोध आहे.

पूर्वी तरी एकट्या आईने मूल कुठे सांभाळले? खानदेशात कापूस वेचणीच्या दिवसांत निंबाच्या फांदीला झोळी बांधलेली असे आणि तिची दोरी सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हाती. त्या दोरीपायी तिची शाळा सुटली, हे जुन्या काळाचे गोडवे गाणारे सांगत नाहीत. घरात आजी होती, काकू होती, ओट्यावर शेजारीण होती. आता बहीण शाळेत जाते. फार चांगले झाले. आजी गावी राहिली, मुलगा-सून पुण्याला नाहीतर सुरतेला गेले. सांभाळणारे हात पांगले आणि सगळे काम एकटीवर आले.

अंगणवाडी आहे, १९७५ पासूनच्या योजनेतली. पण तिथे तीन ते सहा वर्षांची मुले काही तासच बसतात. वेचणी दिवस कलेपर्यंत चालते. तीन वर्षांखालच्या लेकरासाठी घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळणारे कुणी मिळत नाही. २०१७ च्या कायद्याने पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले; दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारीला त्याचा काय उपयोग? वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. मान्य. मग फोन काढून घेतल्यावर चुलीपुढच्या बाईने ते रडते मूल कुणाकडे द्यावे, तेही बुवांनी सांगावे.

बापाकडे का नको? तो हरिपाठाला बसलेला असतो. आपण पुरुष एकमेकांच्या पाया पडून ‘माउली’ म्हणतो. ज्ञानोबारायांना आई म्हणतो. आईबाप गेल्यावर त्या चार भावंडांनीच एकमेकांना सांभाळले, आणि त्यांतल्या धाकट्या मुक्ताईचे स्थान आपल्या मुक्ताईनगरला आहे. तिच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत चालणारे पाय, घरी लेकराला कडेवर घेऊन गल्लीत दहा पावले टाकायला का लाजतात?

पुढच्या सप्ताहात मंडपाशेजारी पाळणे बांधा. बायका पंगतीची बट्टी वळत असतील तोवर टाळकऱ्यांनी पाळीपाळीने लेकरे घ्यावीत. विण्याचा पहारा आपण तसाच लावतो.