दूरच्या वाटेवरची सोबत

क्रांती चौकात उभे राहिले की शहरातून बाहेर पडण्याच्या वाटा डोळ्यांसमोर येतात. जालना रोडने सरळ पूर्वेला गेले की चिकलठाण्याचे विमानतळ लागते. दुसरी वाट रेल्वे स्टेशनकडे जाते. सावंगीजवळ समृद्धी महामार्गावर गाडी चढली की सायंकाळच्या आत नागपूर गाठता येते. ज्या पिढीने १९७८ पासून १९९४ पर्यंत याच चौकात नामांतराच्या घोषणा दिल्या, लाठ्या खाल्ल्या, ती पिढी आता निवृत्त झाली आहे. कोणी शाळेतून, कोणी बँकेतून, कोणी एस. टी. तून. मुले मार्गी लागली, घराचे कर्ज फिटले. आता ही नवराबायको बॅगा भरून दूरच्या प्रवासाला निघतात. दीक्षाभूमी, बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी. काहीजण तर श्रीलंका आणि थायलंडपर्यंत जाऊन येतात. ज्यांच्या आजोबांना गावाच्या विहिरीपर्यंतही जाता येत नव्हते, त्यांची नातवंडे विमानात बसतात, याचा आम्हाला मनापासून आनंद वाटतो.

परंतु परत आलेल्या भगिनींशी बोलताना एक गोष्ट वारंवार कानावर येते. त्या हसत हसतच सांगतात, पण त्या हसण्यात थोडा सल असतो. यजमानांच्या गोळ्यांची वेळ, त्यांचे पथ्याचे जेवण, त्यांची चष्म्याची डबी, त्यांचा गरम पाण्याचा थर्मास, हे सगळे सांभाळता सांभाळता महाबोधी विहार नीट पाहायचे राहूनच गेले! फोटोत यजमान विहारासमोर उभे असतात आणि फोटो काढणारी बाई फोटोत नसते. मग प्रश्न पडतो, यात्रा नेमकी कोणाची झाली? दोघांची, की एकाचीच?

हा प्रश्न किरकोळ नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासातही तो उभा आहे.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, तेथून लंडनला गेले. १९२० साली पुन्हा लंडनला गेले. हे प्रवास बोटीचे आणि एकट्याचे होते. त्या वर्षांत रमाई मुंबईत चाळीच्या खोलीत संसार ओढत होत्या. लेकरे गेल्याचे दुःखही त्यांनी सोसले. दूरचा प्रवास त्यांच्या वाट्याला आला नाही आणि २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. बाबासाहेबांच्या त्या बोटीच्या तिकिटामागे रमाईंचे अर्धपोटी दिवस होते, हे आपल्या घरोघरी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे.

पुढचे प्रवास मात्र जोडीचे झाले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब, म्हणजे सविता आंबेडकर. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्या एम. बी. बी. एस. झाल्या होत्या. बाबासाहेबांना तेव्हा मधुमेहाने घेरले होते, पायाच्या शिरांचे दुखणे झोप लागू देत नव्हते. विवाहानंतर माईंची सारी वैद्यकी एका रुग्णाभोवतीच फिरू लागली, आणि त्या रुग्णाला तर एका जागी बसणे ठाऊक नव्हते!

मे १९५० मध्ये दोघे विमानाने कोलंबोला गेले. जागतिक बौद्ध बंधुत्व परिषद तेव्हा श्रीलंकेत भरली होती. बाबासाहेब त्यावेळी भारताचे कायदामंत्री होते. त्याच वर्षी आपल्या शहरात त्यांचे महाविद्यालय सुरू झाले, ज्याला आज आपण मिलिंद म्हणतो. डिसेंबर १९५४ मध्ये दोघे ब्रह्मदेशात रंगूनला गेले, तिसऱ्या जागतिक परिषदेसाठी. तेथून परतल्यावर २५ डिसेंबरला बाबासाहेब देहू रोडला बुद्धमूर्तीच्या प्रतिष्ठापनेला हजर होते. प्रकृती ढासळतच होती, प्रवास मात्र थांबला नाही.

आणि मग आले १९५६. त्या वर्षीच्या दोन महिन्यांचा हिशेब मांडून पाहावा. ११ ऑक्टोबरला दोघे दिल्लीहून विमानाने नागपुरात उतरले. १४ तारखेला महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दोघांनी बरोबरीने धम्मदीक्षा घेतली. नंतर बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली. १६ तारखेला चंद्रपूरचा सोहळा. नागपूरहून चंद्रपूर म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर, तेही त्या काळच्या रस्त्याने मोटारीतून. नोव्हेंबरात काठमांडू. सुमारे १४०० मीटर उंचीवरचे ते शहर, थंडीचे दिवस. १५ नोव्हेंबरला राजे महेंद्र यांच्या हस्ते चौथ्या जागतिक परिषदेचे उद्घाटन झाले. २० तारखेला बाबासाहेबांनी तेथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांवरचे आपले प्रसिद्ध भाषण केले. परतीच्या वाटेवर बनारसला विद्यार्थ्यांपुढे व्याख्याने, मग सारनाथ, मग कुशीनगर. ३० नोव्हेंबरला दोघे दिल्लीत परतले.

ज्यांच्या घरी मधुमेहाचा रुग्ण आहे, त्यांना या प्रवासाचा अर्थ वेगळा सांगायला नको. इन्सुलीनची वेळ सांभाळायची, आणि त्या वेळी जेवण समोर असलेच पाहिजे. मोटार उशिरा निघो, विमान उशिरा उतरो, सभा लांबो, शरीर थांबत नाही. रक्तातली साखर एकदम उतरली तर माणूस सभेच्या मंचावरच कोसळायचा. पायाची संवेदना गेलेली असली की जखम कळत नाही. लाखो लोक बाबासाहेबांना पाहायला आतुर, आणि त्यांच्या जीवाची काळजी म्हणून कोणाला तरी कठोर व्हावे लागणार, आता भेट पुरे म्हणावे लागणार. असे म्हणणारी व्यक्ती कोणालाच आवडत नाही! माईंवर पुढे जो रोष आला, त्याचे एक मूळ येथेही असावे, असे आम्हाला वाटते.

६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच रात्री त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले. त्या विमानात माई होत्या. दोघांचा एकत्र झालेला तो शेवटचा हवाई प्रवास.

त्यानंतरची माईंची वाट एकटीची आणि काट्याची होती. त्यांच्यावर नाही नाही ते संशय घेतले गेले. प्रकरण संसदेपर्यंत गेले, चौकशी झाली आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचे सरकारने सांगितले. तरी कुजबूज थांबली नाही. अनेक वर्षे त्या दिल्लीत समाजापासून दूर राहिल्या. पुढे पँथरच्या पिढीतील तरुण कार्यकर्त्यांनी त्यांना पुन्हा आदराने समाजात आणले. १९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर दिलेले भारतरत्न त्यांनीच स्वीकारले. त्याच वर्षी त्यांचे ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे आत्मकथन आले. बाबासाहेबांच्या वापरातील जपून ठेवलेल्या वस्तू त्यांनी पुण्याच्या सिंबायोसिसमधील संग्रहालयाला दिल्या. २९ मे २००३ रोजी त्यांचे निधन झाले.

खुद्द बाबासाहेबांचे मत काय होते? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी त्यांनी मार्च १९५६ मध्ये प्रस्तावना लिहिली होती. आजारपणात हे काम पुरे झाले याचे श्रेय त्यांनी त्यात आपल्या पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले. पण १९५७ साली ग्रंथ छापून आला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. पुष्कळ वर्षांनी ती वाचकांसमोर आली. रुग्णाने स्वतः दिलेली पावती लोकांपर्यंत पोचायला एवढा काळ लागला, मग आपल्या घरच्या बाईला पावती कोण आणि कधी देणार?

रमाई श्रेष्ठ की माई, असला वाद आम्हाला मान्य नाही. एकीने घरी राहून प्रवास शक्य केला, दुसरीने बरोबर राहून तो शक्य केला. दोघींच्या कष्टाला प्रवास म्हणूनच मोजले पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळू. उत्तरेकडे जायचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च बरा. डिसेंबर-जानेवारीत बिहार आणि उत्तर प्रदेशात दाट धुके पडते, गाड्या आणि विमाने तासन् तास खोळंबतात आणि औषध-जेवणाची वेळ बिघडते. इन्सुलीन कधीही सामानात टाकू नये, जवळच्या पिशवीत ठेवावे. विमानाच्या पोटात ते गोठून निकामी होऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी, आणि ती यजमानांच्या स्वतःच्या खिशात असावी! विहारात अनवाणी जावे लागते. पायाला बधिरपणा असेल तर दुपारच्या तापलेल्या फरशीवर पाय भाजतो आणि कळतही नाही, म्हणून जाड मोजे घालावेत. नेपाळला विमानाने जायचे तर प्रत्येकाजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. भगिनींच्या कागदपत्रांत एकीकडे माहेरचे नाव, दुसरीकडे सासरचे, असा घोळ फार असतो. तो तिकीट काढण्याआधी मिटवावा, नाहीतर ऐनवेळी तिलाच मागे राहावे लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. घरच्या बाईला रक्तदाब नाही का? तिचे गुडघे दुखत नाहीत का? तिच्या गोळ्या कोण लक्षात ठेवतो? निघण्याआधी दोघांची तपासणी व्हावी, दोघांच्या औषधांची एकच यादी करावी आणि ती दोघांनाही पाठ असावी. ज्याला बरे वाटत असेल त्याने पिशवी धरावी. दिवसातून एक तास तरी असा असावा, ज्यात तिच्यावर कशाचीही जबाबदारी नाही. बोधिवृक्षाखाली ती डोळे मिटून बसली असेल तर चहाचे काय, म्हणून हाक मारू नये.

नागपूरला त्या दिवशी दोघांनी बरोबरीने हात जोडले होते, एक पुढे आणि एक मागे असे नव्हे. उपासकांनो, पुढच्या यात्रेची तिकिटे काढाल तेव्हा खिडकीची जागा तिला द्या आणि औषधांची पिशवी आपल्या मांडीवर घ्या. फोटोही तुम्हीच काढा.