मुलांचा कॅन्सर: पहिला दरवाजा मोहल्ल्यातल्या दवाखान्याचा

आमच्या शाळेत चौथीतला एक मुलगा गेल्या वर्षी दीड महिना तापाने येत-जात होता. जवळच्या दवाखान्यात अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, मग टॉनिक. खेळाच्या तासाला तो बाकावर बसून राही, पाय दुखतात म्हणे. आम्ही शिक्षकांनीही त्याला कामचोर ठरवलं, हे कबूल करायला हवं. नजर उतरवण्याचे प्रकारही झाले. शेवटी तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी त्याला टेबलावर झोपवून नीट तपासलं. मानेत गाठी होत्या, प्लीहा हाताला लागली, पायावर मार न लागता निळे डाग. त्याच दिवशी सीबीसी आणि स्मिअर करायला लावलं. ब्लड कॅन्सर निघाला.

पहिल्या डॉक्टरवर राग काढणं सोपं आहे. पण त्याच्याकडे दिवसाला पन्नास ताप येतात आणि कॅन्सरचं मूल कित्येक वर्षांत एखादं. अडचण इथेच आहे. मोठ्यांच्या काही कॅन्सरसाठी तपासणी शिबिरं घेता येतात, मुलांच्या बहुतेक कॅन्सरसाठी तशी चाळणीच नाही. आजार वेळेवर सापडणं हे मूल पहिल्यांदा ज्याच्यासमोर बसतं, त्या डॉक्टरच्या नजरेवरच अवलंबून राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली 80 टक्क्यांहून जास्त बरी होतात, अनेक गरीब देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. संघटनेने 2018 साली 2030 पर्यंत किमान 60 टक्के मुलं वाचवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. ही दरी केवळ औषधांची नाही. उशिरा निदान, चुकीचं निदान आणि अर्ध्यावर सोडलेला इलाज, ही तिची मोठी कारणं आहेत.

म्हणून काही खुणा आई-वडिलांनीच डॉक्टरसमोर ठेवाव्यात: न हटणारा ताप, फिकटपणा, रात्री झोपू न देणारं हाडाचं दुखणं, आंघोळ घालताना पोटात लागलेला गोळा, सकाळी डोकेदुखीसह उलटी, मोबाइलच्या फोटोत एका डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक. "साहेब, सीबीसी करू का?" हे विचारण्यात बेअदबी नाही. आणि निदान होण्याआधी स्टेरॉइड दिलं गेलं तर ल्युकेमिया काही दिवस दबतो, ताप उतरतो, घरचे खूश होतात, पण पुढचं निदान अवघड होऊन बसतं. ताप लवकर उतरवणारा डॉक्टर चांगला, ही आपल्याकडची समजूत इथे महागात पडते.

निदान झालं की मूल मुंबईला टाटामध्ये किंवा दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात जातं, आणि आपल्याला वाटतं, स्थानिक डॉक्टरचं काम संपलं. मुलांमध्ये सर्वाधिक दिसणाऱ्या ल्युकेमियाचा इलाज दोन-अडीच वर्षं चालतो आणि त्यातला बराच काळ मूल घरीच असतं. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी झालेल्या मुलाला रात्री ताप आला, तर सकाळची वाट पाहता येत नाही. मुंबईची गाडी पकडण्याइतका वेळही नसतो. पहिलं इंजेक्शन जवळच सुरू व्हायला हवं. लसींचंही तसंच: जिवंत लसी या काळात टाळतात, इलाजानंतर राहिलेल्या लसी ठरवून द्याव्या लागतात. हे सगळं जवळचा बालरोगतज्ज्ञ करू शकतो, पण मोठ्या हॉस्पिटलने त्याला साध्या भाषेत चिठ्ठी आणि फोन नंबर दिला तर. आमच्या अनुभवात पालकांच्या हातात जाडजूड फाइल असते, पण ताप आल्यावर नेमकं काय करायचं तेवढं एक पान सापडत नाही.

रमजानमध्ये अशा मुलांसाठी झकात जमते, ती जमायलाच हवी. महात्मा फुले योजनेचे कागद करून देणारे तरुणही मोहल्ल्यात आहेत. पण हा सगळा पैसा निदानानंतरचा. काहीशे रुपयांच्या रक्ततपासणीसाठी पुढच्या पगाराची वाट पाहणाऱ्या आईचा हिशेब कुठल्याच कमिटीच्या वहीत नसतो.

तो मुलगा आता घरी गोळ्या घेतो आहे. सीबीसी त्याच मॅडमकडे होते, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मुंबईला जातो. मागच्या महिन्यात रात्री 11 वाजता ताप चढला, तेव्हा मॅडमनी दवाखाना उघडला.