मूळपणाचे पुजारी आणि इंजिन बदललेली जीप

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनाची व्याख्या केली. वाहन पन्नास वर्षांहून जुने असावे, ते मूळ रूपात राखलेले असावे, आणि त्याच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात भरीव फेरबदल झालेला नसावा. असे वाहन असेल तर वीस हजार रुपये भरून 'व्हीए' अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. मात्र मग ते रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या निमित्तांपुरतेच ते फिरवायचे. साहित्याच्या प्राध्यापकांनी हा नियम एकदा नीट वाचावा असे मला वाटते. आपण वर्गांतून 'अभिजात' म्हणून जे काही शिकवत आलो आहोत त्याची इतकी प्रामाणिक व्याख्या एकाही समीक्षकाने केलेली नाही: जुने, कोणी हात न लावलेले, आणि कोणाच्या उपयोगाचे नसलेले.

मूळपणाचा हा सोवळेपणा केवळ सरकारी नाही. जुन्या स्पोर्ट्स कारच्या शौकिनांमध्ये तो अधिकच कडक आहे. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथले काही उद्योगी लोक जुन्या एमजी किंवा ट्रायम्फ गाड्यांमधले इंजिन काढून तिथे माझ्दाचे रोटरी इंजिन बसवतात. रोटरी म्हणजे फेलिक्स वांकेल ह्या जर्मन अभियंत्याच्या कल्पनेतून निघालेले इंजिन. त्यात पिस्टन वरखाली होत नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर लंबवर्तुळासारख्या पोकळीत फिरत राहतो. ते आकाराने लहान, वजनाने हलके, आणि फिरायला लागले की थांबू नये असे वाटणारे. ते इंधन जास्त पिते, तेल जाळते, आणि रोटरच्या टोकांवरची सीलं हे त्याचे कायमचे दुखणे आहे. तरीही १९९१मध्ये ल माँची चोवीस तासांची शर्यत माझ्दाने ह्याच जातीच्या इंजिनावर जिंकली. असे इंजिन जुन्या एमजीत बसवले की क्लबातली वडीलधारी मंडळी तिला एमजी मानायलाच तयार होत नाहीत. गाडीचा 'आत्मा' गेला, असे म्हणतात.

हा आत्मा कुठून आला होता ते पाहू. १९५५मध्ये आलेल्या एमजीए ह्या देखण्या स्पोर्ट्स कारमध्ये बीएमसी कंपनीचे 'बी-सिरीज' घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन होते. हेच घराणे आणि हीच क्षमता आपल्या अँबॅसडरचीही होती. म्हणजे ज्या इंजिनावर तहसीलदारांची गाडी धापा टाकत घाट चढे, त्याचाच सख्खा भाऊ तिकडे स्पोर्ट्स कारचा आत्मा म्हणून मिरवत होता. एमजीने ते खास त्या गाडीसाठी घडवले नव्हते. घरगुती मोटारींसाठी जे तयार होते ते उचलले, त्याला थोडा ताव दिला आणि सुंदर सांगाड्यात बसवले. पहिली जुळणी कारखान्याने केली म्हणून ती 'मूळ' ठरते आणि दुसरी कोण्या फिटरने केली म्हणून ती 'भ्रष्ट'. ह्यापलीकडे ह्या भेदाला आधार असल्यास तो दाखवून द्यावा.

पण मला अधिक आस्था आहे ती आपल्या जिपेची. कळवण तालुक्यात, नांदुरीपासून सप्तशृंगी गडावर चढणाऱ्या घाटात, अभोण्याच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर, जिने माणसे, कांद्याची पोती, आजारी बाळंतीण आणि नवसाचे बोकड सारख्याच निर्विकारपणे वाहिले ती महिंद्राची जीप. ह्या जिपेचे 'मूळ' इंजिन कोणते, असा प्रश्न विचारला तर मूळवाद्यांची फार पंचाईत होते. महिंद्राने परवान्यावर वर्षानुवर्षे बनवली ती विलीजची सीजे-३बी. तिचे बोनेट आधीच्या जिपांपेक्षा ठसठशीत उंच आहे, आणि जाणकार तिला त्या उंचीवरूनच ओळखतात. ही उंची कशामुळे आली? युद्धकाळापासूनच्या जिपेत असलेल्या 'गो डेव्हिल' इंजिनाच्या जागी १९५३मध्ये विलीजने 'हरिकेन' हे इंजिन बसवले. त्याचे हेड उंच होते, जुन्या बोनेटखाली ते मावेना, म्हणून बोनेट उचलले. ज्या रूपाला आज मूळ रूप म्हणून जपायचे, ते रूप म्हणजेच एका इंजिनबदलाची खूण आहे.

पुढची कथा तर आपल्याच जिल्ह्यातली आहे. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त. तेव्हा जिपेत आधी ट्रॅक्टरच्या कुळातले इंटरनॅशनल डिझेल इंजिन आले. १९७९मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला आणि तिचे एक्सडीपी ४.९० हे चार सिलिंडरचे, २११२ सीसीचे डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. अमेरिकी लष्करासाठी आखलेला सांगाडा, त्यात फ्रेंच इंजिन, ते घडवणारे हात इगतपुरीचे आणि चाके फिरायची ती गिरणेच्या खोऱ्यात. जे कारखान्याने केले तेच मग गावोगावच्या गॅरेजांनी जुन्या पेट्रोल जिपांवर केले. इंजिनाचे फाउंडेशन कापून नव्याने वेल्ड करायचे, बेलहाउसिंग जुळवायचे, रेडिएटर मोठा टाकायचा आणि काढलेले इंजिन विकून खर्चाला हातभार लावायचा. काळ्या-पिवळ्या जिपा चालल्या त्या ह्या कारागिरीवर. एसटी दिवसातून एकदोनदाच येणाऱ्या पाड्यावरचा मुलगा कळवणच्या कॉलेजात पोचला असेल तर त्यात ह्या वेल्डिंगचा वाटा आहे. (कायद्याच्या काटेकोर दृष्टीने ह्यातले किती जण बसले असते, हा प्रश्न कृपया आत्ता कोणी उपस्थित करू नये.)

साहित्यात आपण हेच करतो, म्हणून हा प्रपंच. कुसुमाग्रजांच्या नाशकात 'नटसम्राट'वर बोलताना अजूनही कोणी तरी उठतो आणि ते 'किंग लिअर'वरून 'घेतलेले' असल्याची आठवण करून देतो. जणू काही चोरीची गाडी पकडली. शेक्सपिअरने स्वतः लिअर कुठून आणला हे मात्र सोयीस्कर विसरले जाते. 'किंग लिअर' नावाचे एक निनावी नाटक १६०५मध्ये छापले गेले होते. त्यात म्हाताऱ्या राजाला शेवटी राज्य परत मिळते. शेक्सपिअरने तो सांगाडा ठेवला आणि आत दुसरेच काही बसवले. बोनेट उंच झाले ते तिथे.

आता कोणी विचारेल, मग काय सगळेच इंजिनबदल सारखे? मुळीच नाहीत. पण भलेबुरे ठरवण्याचा निकष मूळपणा हा नव्हे. निकष गॅरेजात विचारावा. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असते आणि त्याची ताकद कमी फेऱ्यांवर मिळते. म्हणून नुसते इंजिन बदलून भागत नाही; पुढच्या पाट्यांवर भार वाढतो, स्टिअरिंग जड होते, गिअरचे गणित बदलते, ब्रेकचाही फेरविचार करावा लागतो. रोटरीचे नेमके उलटे: नाक हलके होते, ताकद वरच्या फेऱ्यांवर येते, आणि जुने एक्सल ती पेलेल का हे पाहावे लागते. एक भाग बदलला की बाकीच्या प्रत्येक भागाला त्याचे उत्तर द्यावे लागते. ज्या मिस्त्रीला हे कळते त्याची गाडी घाट चढते, ज्याला कळत नाही त्याची पहिल्याच वळणावर उकळते.

'नटसम्राट'कडे ह्या नजरेने पाहावे. राजाचा नट केल्याबरोबर राज्य गेले, म्हणून वाटून द्यायला उरली ती आयुष्यभराची पुंजी. तीन मुलींऐवजी मुलगा आणि मुलगी आली. प्रामाणिक धाकटी कॉर्डेलिया गेली आणि जी लिअरला रंगमंचावर नव्हतीच ती पत्नी, कावेरी, इथे उभी राहिली. तिच्यामुळे नाटकाचा सगळा भार दुसऱ्या एक्सलवर गेला आणि तो तिथे पेलला गेला. देवलांनी १८९०मध्ये 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला तोही असाच भागाभागाने तपासण्याजोगा आहे. ह्याउलट ज्या रूपांतरांत पात्रांची नावे, जेवणाचे पदार्थ आणि गावांची नावे तेवढी बदललेली असतात, त्यांत बोनेटवरची पाटी बदललेली असते. खाली हात घातला तर सगळे जिथल्या तिथे. अशा लेखनाला मूळवादी समीक्षक 'मुळाशी प्रामाणिक' म्हणून पाठीवर थाप मारतात, हे विशेष.

प्राचीन मोटारींची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' हिने २०१९मध्ये जुन्या गाड्यांत विजेची मोटर बसवण्याविषयी भूमिका घेतली. असा बदल झालेली गाडी ऐतिहासिक राहत नाही. बदल करायचाच तर तो परत फिरवता यावा आणि काढलेले भाग खुणा करून जपून ठेवावेत, असा तिचा आग्रह. ज्याच्याकडे चार गाड्या ठेवायला जागा आहे त्याच्यासाठी हा सल्ला उत्तम आहे. ज्याने जुने इंजिन विकून नव्याचे पैसे उभे केले त्याला हा सल्ला म्हणजे इतिहासातून रजा आहे. संस्थानिकाने शिकारीसाठी घेतलेली आणि मग पन्नास वर्षे गॅरेजात झाकून ठेवलेली गाडी वारसा ठरते, कारण तिच्यावर काहीच घडले नाही. जिच्यावर सगळे घडले ती भंगारात.

१९७५ची जीप २०२५मध्ये पन्नाशीची झाली. तिच्या आत आज प्यूजोचे डिझेल असेल तर वयाची अट ती पुरी करते आणि इंजिनाच्या अटीवर अडकते. तिच्यासाठी नोंदीत एकच रकाना वाढवावा लागेल: इंजिन केव्हा बदलले, कोणते बसवले, कोणी बसवले. मराठीच्या विभागांतही 'मूळ संहितेशी तुलना' ह्या ठरीव प्रकरणाच्या जागी हाच रकाना भरून घ्यायला हरकत नाही. विद्यार्थ्यांना निदान बोनेट उघडावे लागेल.