हरित इमारत आणि मोकळा श्वास

दुपारच्या तासाला वर्गात पेंग येते, डोके जड होते. विद्यार्थी मित्रांनो, याचा दोष दर वेळी तुमचाच असतो असे नाही. थोडा दोष इमारतीचाही असू शकतो!

आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असते. पन्नास-साठ मुलांच्या बंद वर्गात ते सहज हजारावर जाते. रंग, प्लायवूड, पॉलिश यांतून निघणारी बाष्पेही तेथेच कोंडून राहतात.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ऊर्जा वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद केल्या गेल्या आणि आत घ्यायची ताजी हवा कमी केली गेली. ऊर्जा वाचली, पण डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, थकवा अशा तक्रारी वाढल्या. या प्रकाराला ‘आजारी इमारत’ असे नावच पडले.

मग चांगल्या हवेने काय साधते? हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिरॅक्यूज येथे २४ जणांना सहा दिवस एका कार्यालयात काम करण्यास बसवले. हवेत रोज कोणता बदल केला हे त्यांना सांगितले नव्हते. बाष्पे कमी केली त्या दिवशी त्यांचे विचारशक्तीच्या चाचणीतील गुण सरासरी ६१ टक्क्यांनी वाढले. शिवाय ताजी हवाही दुप्पट सोडली तेव्हा ते जवळजवळ दुप्पट झाले. प्रयोग लहान होता, म्हणून हे आकडे अंतिम मानू नयेत. पण त्यांनी दाखवलेली दिशा दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

म्हणून माझे मत असे, की केवळ विजेचे बिल कमी आले म्हणून इमारतीला ‘हरित’ म्हणू नये. आत बसणाऱ्यांना मोकळा श्वास मिळतो का, हेही पाहिले पाहिजे. आपल्या हवामानात त्यासाठी मोठा खर्च लागतोच असे नाही. समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळतो. तापलेली हवा हलकी होऊन छताजवळच्या झरोक्यातून निघून जाते. आपल्या जुन्या वाड्यांना हे ठाऊक होते.

शिक्षकांनी आणि तुम्ही मिळून आपला वर्ग एकदा तपासावा. कोणती खिडकी कपाटाने अडवली आहे? कोणता झरोका पुठ्ठ्याने बुजवला आहे? शाळेला नवा रंग देण्याआधी तो मोकळा करा!