एल्डरबेरीचा रस : लेबलावर न दिसणारी पायरी

ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एल्डरबेरीचे काळसर घोस पिकतात. पूरक आहाराच्या गोळ्या व सिरपांसाठी त्यांचा रस दाट केला जातो. कच्च्या फळाने मळमळ, उलटी होऊ शकते. म्हणून रस तापविणे अगत्याचे. फळे कुस्करून, पेक्टिनचे विघटन करणारे विकर मिसळून रस पिळतात, गाळून नितळ करतात आणि निर्वात पात्रात कमी तापमानावर आटवितात. त्यामुळे जांभळे रंगद्रव्य बरेचसे टिकते. विद्राव्य घटक शेकडा ११ वरून ६५ पर्यंत नेल्यास ६ किलो रसाचा जेमतेम १ किलो दाट रस उरतो.

आपल्या दृष्टीने कळीची पायरी नितळ करण्याची. त्यासाठी कित्येकदा जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांतून काढलेला पदार्थ, वापरतात. तो गाळासह काढून टाकला जातो. त्यामुळे लेबलावर त्याचा उल्लेख असेलच असे नाही. सूक्ष्म पडद्यातून रस गाळल्यास त्याची गरज उरत नाही. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे आहे का, सिरपात मध आहे का, हे आपण पाहतोच. माल घेणाऱ्या आणि विकणाऱ्या वाचकांनी रस कशाने नितळ केला, हेही उत्पादकाकडून लेखी मागवून घ्यावे.