आधी फुलोरा, मग पेटी

आपल्या भागात मध म्हटला की डोळ्यांपुढे प्रथम पेटती चूड उभी राहते. वडाच्या किंवा चिंचेच्या उंच फांदीला, जुन्या बुरुजाच्या कमानीला आग्यामोहोळ लागते. अंधाऱ्या रात्री त्याखाली जाळ केला जातो, माश्या होरपळून पडतात आणि सबंध पोळे कापून पिळले जाते. त्या मधात पिल्लांचा रस, मेण आणि राख यांची भेसळ झालेली असते. आपले कन्नड शेजारी मधाला ‘जेनुतुप्प’, म्हणजे मधमाशीचे तूप म्हणतात. तूप मिळावे म्हणून गाय जाळणारा माणूस आपण शहाणा मानू काय? मोहोळाच्या बाबतीत मात्र हाच प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

या रानटी पद्धतीवर उपाय म्हणून हल्ली मधपेट्यांचा पुष्कळ बोलबाला होत आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१७ साली ‘हनी मिशन’ सुरू केले. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. त्यामुळे बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीही पेट्या आणाव्यात आणि श्रीमंत व्हावे, असे सांगणारे भेटतात. आमचे मत थोडे निराळे आहे. पेटी ही चांगलीच वस्तू होय. परंतु पेटीने मध होत नाही, मध फुलांनी होतो.

प्रथम पेटीचेच पाहू. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने १८५१ साली एक साधी गोष्ट ओळखली. दोन पोळ्यांच्या मध्ये सुमारे आठ मिलिमीटर वाट मोकळी ठेवली, तर माश्या ती मेणाने बुजवीत नाहीत. या शोधामुळे पोळे लाकडी चौकटीत बांधून घेता येऊ लागले आणि चौकट हवी तेव्हा उचलता येऊ लागली. खालच्या कोठीत राणी व पिल्ले, वरच्या कोठीत मध, अशी व्यवस्था झाली. मधाच्या चौकटी यंत्रात फिरविल्या की मध बाहेर पडतो आणि रिकामे पोळे माश्यांना परत देता येते. आपली सातेरी माशी आकाराने लहान. तिच्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी लहान पेटी तयार केली.

या धंद्यात ऑस्ट्रेलियाचे नाव मोठे आहे. तेथे युरोपातील मधमाशी मुळात नव्हती; ती १८२२ साली जहाजातून सिडनीला नेण्यात आली. आज तेथील मधपाळ शेकडो पेट्या मालमोटारींवर लादून निलगिरीच्या फुलोऱ्यामागे मैलोन्‌मैल हिंडतात. किल्ली फिरविली की पोळ्यातून मध आपोआप वाहू लागेल, अशी पेटीही तेथील एका पितापुत्रांनी २०१५ साली बाजारात आणली. परंतु २०२२ साली न्यूकॅसल बंदराजवळ ‘व्हॅरोआ’ नावाची परजीवी गोचीड सापडली. तिचा नायनाट करण्यासाठी हजारो वसाहती नष्ट कराव्या लागल्या आणि अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये तो प्रयत्नच सोडून द्यावा लागला. उत्तम पेटी माशीला सर्व संकटांतून तारू शकत नाही, हा बोध आम्ही यातून घेतो.

ही गोचीड मूळची आशियातील. आपली सातेरी तिच्यासह पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहे आणि अंगावरची गोचीड झटकून टाकण्याची कला तिला साधली आहे. म्हणून परदेशी ‘मेलिफेरा’ माशी सातेरीच्या कित्येक पट मध देत असली, तरी आरंभ सातेरीनेच करावा, असे आम्हांस वाटते. सातेरी निर्दोष आहे असा मात्र आमचा दावा नाही. १९९१-९२ च्या सुमारास पिल्लांच्या विषाणुरोगाने दक्षिण भारतातील तिच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. शिवाय उपासमार झाली की ती पेटी सोडून सरळ उडून जाते.

आणि येथेच आपल्या भागाची खरी अडचण आहे. तुरीची फुले आहेत तोवर रान पिवळे दिसते. करडईही माशीला पुष्कळ देते. पण करडई संपली की काळ्या रानात काय उरते? बांधावरची बोर, करंज व कडुनिंब आम्ही तोडले. सूर्यफुलाचा पेरा घटला. अशा रानात उन्हाळ्यात ठेवलेली पेटी म्हणजे धान्य नसलेल्या घरी बोलावलेला पाहुणा होय. त्यातच शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी तूर ऐन फुलात असताना औषध फवारले जाते. फवारणी टाळता येत नसेल, हे आम्ही जाणतो. शेतकऱ्याचे वर्षाचे पोट त्या तुरीवर आहे. परंतु ती सकाळी माश्या फुलांवर असताना न करता सायंकाळी त्या परतल्यावर केली, तर शेतकऱ्याचे काय बिघडेल?

मोहोळ झाडणाऱ्यांच्या पोटावर पाय आणावा, असेही आम्ही म्हणत नाही. आग्या माशी मध पोळ्याच्या वरच्या बाजूस साठविते आणि पिल्ले खाली वाढविते. जाळाऐवजी केवळ धूर करून मधाचा तेवढाच भाग कापला, तर पिल्ले वाचतात आणि मधही स्वच्छ मिळतो. ही रीत शिकविता येण्यासारखी आहे.

मग विद्यार्थ्यांनी काय करावे? आमची सूचना अगदी साधी आहे. पेटीसाठी वर्गणी गोळा करण्यापूर्वी एक वही घालावी. आपल्या गावात कोणत्या महिन्यात कोणते झाड व कोणते पीक फुलते, हे वर्षभर तीत टिपावे. जे महिने रिकामे दिसतील, त्या महिन्यांत फुलणारी झाडे शाळेच्या कुंपणाशी व आपापल्या बांधावर लावावीत आणि जगवावीत. त्या वहीतील रिकामी पाने भरली, म्हणजे सातेरीची पहिली पेटी खुशाल आणावी. तोवर कोणी मधाचे बोट लावू लागला, तर त्याला आपली वही दाखवावी.